किकुनोताईंचा नवा पत्ता

आमच्या टॉवरचं पुढचं दार आपोआप उघडतं. माणूस समोर आला की सरकतं, आत गेला की मिटतं, त्यात कौतुक काही नाही. पण त्या जुलैत, चौदा तारखेच्या सकाळपासून, ते समोर कुणी नसताना उघडायला लागलं. इमारतीची देखरेख माझ्याकडे, त्यामुळे एकेचाळीस मजल्यांवरचे सगळे लोक माझ्याच डोक्यावर बसले.

मी नोबुए, वय अडुसष्ट. त्सुकिशिमाच्या या बेटावर जन्मले, इथेच लग्न झालं, इथेच विधवा झाले. आज जिथे टॉवर आहे तिथे आमची गल्ली होती. समोरून कुणी आलं तर एकाने कुंड्यांना चिकटून वाट द्यायची, एवढीच रुंद. गल्ली पाडली तेव्हा घरमालकांना वर फ्लॅट मिळाले. मी भाडेकरू, मला खाली दाराशेजारची ही खोली आणि तिच्यासोबत नोकरी मिळाली. एक सरकती काच, कॅमेऱ्याचा पडदा, भिंतीला लावलेल्या चाव्या, आणि पडद्यामागे माझं अंथरूण. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तरी मला काढत नाहीत, कारण गळका नळ कोणत्या भिंतीत आहे हे फक्त मलाच कळतं.

दाराचं सांगण्याआधी तेरा तारखेचं सांगायला हवं. सगळं तिथूनच सुरू झालं, आणि त्यात हात माझाच होता.

सत्ताविसाव्या मजल्यावर किकुनोताई राहायच्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, कमरेत वाकलेल्या, पण आवाज अजून गल्लीतलाच. त्यांचा नवरा इसोकिची मालाच्या पडावावर होता. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या वादळात पडाव बंदराच्या तोंडाशी उलटला आणि इसोकिचीचा देह सापडलाच नाही. तेव्हापासून दर वर्षी बॉनच्या, म्हणजे मेलेली माणसं घरी येतात त्या सणाच्या, पहिल्या दिवशी, तेरा जुलैला, किकुनोताई तिन्हीसांजेला घराच्या उंबऱ्याबाहेर मातीच्या परळात तागाच्या वाळक्या सणकाड्या पेटवायच्या. त्या जाळावरून मेलेल्याला आपलं घर ओळखू येतं. तीन दिवस तो घरात राहतो, सोळाला पुन्हा तिथेच जाळ करून त्याला वाटेला लावायचं. टॉवर झाल्यापासून आग पेटवायला बंदी. सहा वर्षं त्या बाई देव्हाऱ्यापुढे बॅटरीचा कंदील लावत होत्या. सहा वर्षांत तो एकदाही आला नाही, असं त्या अगदी सरळ सांगायच्या, जसं कुणी सांगावं की पेपरवाला आला नाही.

त्या वर्षी त्यांची भाची त्यांना महिनाअखेरीला नागानोच्या डोंगरातल्या वृद्धाश्रमात नेणार होती. तेरा तारखेला सकाळी त्या माझ्या काचेशी आल्या आणि म्हणाल्या, "नोबुए, मला खरा जाळ करून दे. इथून जायच्या आधी त्याला नवा पत्ता सांगायचाय. नाही सांगितला तर पुढच्या वर्षी तो इथे येईल आणि मी नसेन."

मी आधी नियम दाखवला. मग त्यांच्या हातातल्या सणकाड्यांकडे पाहिलं आणि नियम खिशात घातला. जाळ आपल्या उंबऱ्यापुढेच हवा, आणि आता गल्लीच नाही तर उंबरा कुठला. पण कोपऱ्यावरचा दगडी जिझो बिल्डरने ठेवला होता, लाल अंगरखा घातलेला, पोरांना सांभाळणारा देव. गल्ली तिथून सुरू व्हायची. जिझोपासून तिसरं दार किकुनोताईंचं, पाचवं माझं. मी जिझोपासून पावलं मोजली, तिसऱ्या दाराच्या जागी परळ ठेवलं. ती जागा आता पुढच्या दाराच्या पायरीसमोरच येते. सणकाड्या भुरकन पेटल्या, अर्ध्या मिनिटात विझल्या. किकुनोताई हात जोडून वाकल्या. कालव्यावरून वारा आला आणि राख माझ्या चपलांवर बसली. मी मनात म्हटलं, झालं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी दार उघडायला लागलं.

उघडायचं, माणूस आत येईल तेवढा वेळ उघडंच राहायचं, मिटायचं. पुन्हा उघडायचं. पडद्यावर बघावं तर पायरी मोकळी. आणि बाहेर पस्तीस अंश तापमान असताना दारातून आत यायची ती हवा गार, फेब्रुवारीतली, कालव्याच्या चिखलाचा वास घेऊन. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई खूश होत्या, म्हणाल्या फुकटचा एसी. मी हसले नाही. माझ्या हातावर काटा आला होता आणि मी बाह्या खाली ओढल्या.

दुपारी दुरुस्तीवाला आला. शिडी लावून त्याने दारावरचा सेन्सरचा डोळा पुसला, तारा तपासल्या, मग बराच वेळ आपल्या यंत्रातल्या आकड्यांकडे बघत राहिला. बिघाड काही नाही म्हणाला. यंत्राच्या मते समोर कुणीतरी उभं आहे, म्हणून ते उघडतंय, दाराचं काही चुकत नाही. मी विचारलं, मग मी तक्रारवहीत काय लिहू? तो म्हणाला, ते तुम्ही ठरवा, आणि शिडी घेऊन नेहमीपेक्षा लगबगीने गेला.

रहिवासी मंडळाचे अध्यक्ष कुसाकाबे साहेबही येऊन गेले. घरात ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांना लोक मंडळाचं अध्यक्ष करतात, असं माझं जुनं मत आहे. त्यांना पायरीजवळ राख दिसली होती. त्यांनी लिफ्टमध्ये सूचना लावली, की कोणत्याही धार्मिक कारणासाठी आग लावू नये, आणि दाराबद्दल संध्याकाळपर्यंत खुलासा द्यावा. खुलासा कोणी द्यावा ते लिहिलं नव्हतं.

किकुनोताईंना मात्र खुलाशाची गरजच नव्हती. बातमी कळताच त्या खाली आल्या, कपाटातला निळा किमोनो नेसून. दारासमोरच्या बाकावर बसल्या आणि दार उघडलं की बोलायच्या. आलास ना? मग आत का येत नाहीस? ही जागा नवी आहे म्हणून बुजतोस होय? मग पत्ता सांगायच्या. नागानो, अमुक गाव, स्टेशनवरून चार नंबरची बस, शेवटचा थांबा, निळ्या छपराची इमारत, दुसरा मजला, खोली बारा. दार मिटेपर्यंत जेवढं होईल तेवढं सांगायच्या, पुन्हा उघडलं की उरलेलं. सहा वर्षांनी नवरा दाराशी आलेल्या बाईचा चेहरा मी तेव्हा पाहिला. असा आनंद मी आयुष्यात कुणाच्या तोंडावर पाहिला नाही, आणि सांगते, मला हेवा वाटला.

पंधराला सकाळी मी पायरी झाडायला बाहेर गेले. ऊन रणरणत होतं, दगड कोरडा ठणठणीत. त्यावर ओली पावलं होती. कालव्याकडून आलेली, दाराच्या पट्टीपाशी थांबलेली. डावं पाऊल पूर्ण. उजव्याचा फक्त चवडा, आणि मागे फरफटल्याची ओली रेघ. पट्टीच्या आत एक थेंबसुद्धा नव्हता.

मी झाडू हातात धरून तशीच उभी राहिले. अशी पावलं मी अकरा वर्षं माझ्या घरातल्या चटईवरून पुसली होती.

माझा नवरा तामेओ गोदीत होता. क्रेनवरून निसटलेल्या साखळीने त्याचा उजवा पाय चेचला, त्यानंतर काम सुटलं आणि दारू लागली. वाईट माणूस नव्हता. तांदूळ आणायला पाठवलं तर बाटली घेऊन यायचा आणि लाजायचा, असा माणूस. एकोणतीस वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका दुपारी माझं डोकं फिरलं. सगळी गल्ली ऐकत असताना मी त्याला बाहेर ढकललं आणि म्हटलं, या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. तो वळला. पाय ओढत धक्क्याकडे गेला. दोन दिवसांनी पाणबंधाऱ्याच्या फळीला लागलेला सापडला. पडला की उतरला, ते पोलिसांनाही कळलं नाही आणि मलाही नाही.

त्याच्यासाठी मी कधी जाळ केला नाही. पहिली दोन-तीन वर्षं रागाने. मग लाजेने. कोणत्या तोंडाने बोलवायचं? गल्लीतल्या बायका आडून विचारायच्या, मी म्हणायचे माझा नाही विश्वास. सुंभ जळतो, पीळ जळत नाही, तशातली गत.

खोलीत येऊन मी बिल्डरची फाइल काढली. त्यात जुन्या गल्लीचा नकाशा होता आणि त्यावरच नव्या इमारतीच्या रेषा. जिझो जागचा हलवला होता. मालाच्या गाड्यांना वळायला जागा हवी म्हणून बरोबर दोन घरं गल्लीच्या आत सरकवलेला. आम्ही सगळे त्याला जुन्याच जागी समजून सहा वर्षं नमस्कार करत होतो. म्हणजे मी ज्याला तिसरं दार समजले ते पाचवं होतं. मी जाळ माझ्याच उंबऱ्यापुढे केला होता. किकुनोताईंचा उंबरा आता जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत गेला होता, तिथे काडी पेटवायलाही जागा नव्हती.

बोलावलं म्हणून आला, आणि येऊ नको म्हटलं होतं म्हणून बाहेर उभा राहिला. दोन्ही वेळा माझंच ऐकत होता.

तेव्हाच उठून किकुनोताईंना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. काचेतून दिसत होत्या त्या, बाकावर, मांडीवर सोललेलं संत्रं घेऊन, दाराला बसचा नंबर सांगत. मी त्यांना चहा नेऊन दिला आणि परत आले. मला माझीच लाज वाटत होती, आणि तरीही दिवसभर मी पडद्यावरच्या त्या रिकाम्या पायरीकडे बघत राहिले. त्याला काही म्हणायचं धाडसही झालं नाही.

सोळाला दुपारी किकुनोताई माझ्या खोलीत आल्या. डोळे सुजलेले. आज त्याला जायचं, म्हणाल्या, आणि त्याने अजून घरात पाऊल ठेवलेलं नाही. देव्हाऱ्यापुढे वाढलेलं सगळं तसंच आहे. पत्ता ऐकला की नाही तेही कळत नाही. जिवंतपणी कुठल्या दारात असा घुटमळणारा माणूस नव्हता तो.

"तू बोलव त्याला," त्या म्हणाल्या. "माझ्यावर रुसलाय बहुतेक. दुसऱ्याचं ऐकेल. तुला तो धाकट्या बहिणीसारखं मानायचा."

मी नाही कशी म्हणणार? आम्ही दोघी दारापुढे उभ्या राहिलो. दार उघडलं. गार हवा पायावर आली. मी शेजारणीच्या नवऱ्याला बोलवावं तसं नीट वाकून म्हटलं, "इसोकिचीदादा, आत या." काही झालं नाही. दार मिटलं, उघडलं. किकुनोताईंनी माझी बाही घट्ट धरली होती. मला वाटलं, या बाईला मी अजून किती वेळ फसवणार आहे. जे शब्द एकोणतीस वर्षं तोंडातून निघाले नव्हते ते अगदी हळू निघाले.

"ये आत, तामेओ."

दाराच्या पट्टीच्या आत पहिलं ओलं पाऊल उमटलं. मग दुसरं, चवडा आणि ओली रेघ. चकचकीत फरशीवरून ती पावलं लिफ्टच्या पुढून गेली, लिफ्टशी थांबली नाहीत. माझ्या खोलीच्या दारात थोडी थबकली आणि आत गेली. मागे पुढचं दार मिटलं आणि मिटलेलंच राहिलं.

किकुनोताई फरशीकडे बघत होत्या. मीच त्यांना सगळं सांगितलं. जिझो, नकाशा, पाण्याची टाकी, आणि मला कालपासून माहीत होतं तेही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. त्या मला मारतील असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे माझा नाही आला," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

"जा. त्याला चहा कर. दोन दिवस उभा ठेवलास." एवढं बोलून त्या लिफ्टमध्ये चढल्या. त्यांचा निळा किमोनो मागून चुरगळला होता. दार लागलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

खोलीत माझ्या खुर्चीपाशी फरशी ओली होती. मी चहा केला, समोर ठेवला. तीन तास होते माझ्याकडे. कुणालाही सांगून बघा, नोबुएला तीन तास मिळाले आणि तिला एक शब्द जमला नाही, कोणी विश्वास ठेवणार नाही. शब्द तयार होता, एकच होता, माफ कर. तो सोडून सगळं बोलले. फरशी ओली केलीस म्हणून बोलले. इतक्या वर्षांत चप्पल नीट घालायला शिकला नाहीस म्हणून बोलले. भाडं वाढलं, गल्ली गेली, समोरचा टोफूवाला वारला, हे सांगितलं. चहा गार झाला तेव्हा त्याच्यावर चिडलेसुद्धा. असं माझं तोंड.

सांज झाली. त्याला वाटेला लावायला हवं होतं, नाहीतर पुढचं वर्षभर तो इथेच अडकला असता, ना इकडचा ना तिकडचा. मी परळ घेऊन बाहेर आले तर कुसाकाबे साहेब पायरीवरच. नियम क्रमांक बोलायला लागले. मी सांगितलं, साहेब, हा जाळ झाला की तुमचं दार पुन्हा बिघडणार नाही, नाही झाला तर उद्यापासून तक्रारी मी तुमच्या घरी पाठवते. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग स्वतःच आतून पाण्याची बादली घेऊन आले आणि ती दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. त्या दिवसापासून मी त्यांच्याबद्दल जरा कमी वाईट बोलते.

मी पाचव्या दाराच्या जागी परळ ठेवलं. खोलीतून ओली पावलं बाहेर आली आणि परळापाशी थांबली. मी खाली बसले. आता मात्र तो शब्द अगदी ओठांवर आला होता. जाळाच्या वेळी म्हटलेलं मेलेला सोबत घेऊन जातो असं आई सांगायची. काडी ओढणार तेवढ्यात मागे काठीचा आवाज झाला.

किकुनोताई खाली आल्या होत्या. किमोनो बदललेला, साध्या घरातल्या कपड्यांत, केस विस्कटलेले. माझ्या शेजारी त्या कशाबशा टेकल्या. दुसरा जाळ करून त्यांच्या माणसाला बोलवायचं म्हटलं तर ते होणार नव्हतं. सोळाला सगळे निघतात, त्या दिवशी कुणाला बोलवत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"नोबुए," त्या म्हणाल्या, "तुझा आता त्याच पाण्यात जाणार. माझाही तिथेच आहे. त्याला सांग ना, माझा पत्ता पोचव म्हणावं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. मागायला आलेली म्हातारी बाई होती, बस. माझा शब्द मी गिळला आणि काडी ओढली.

सणकाड्या भुरकन पेटल्या. अर्धं मिनिट, त्याहून जास्त नाही. मी त्या पावलांशी वाकून सांगायला लागले. तामेओ, नीट ऐक. किकुनोताईंच्या इसोकिचीला शोध, त्याला सांग. नागानो. स्टेशनवरून चार नंबरची बस. शेवटचा थांबा. निळ्या छपराची इमारत. दुसरा मजला, खोली बारा. हा माणूस आयुष्यात एक निरोप धड पोचवू शकला नव्हता, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. किकुनोताई माझ्या बरोबरीने पुटपुटत होत्या. ज्योत खाली बसली तरी मी सांगत होते. तिसऱ्यांदा खोली बारा म्हणाले आणि शेवटची काडी काळी पडली.

ओली पावलं धक्क्याकडे निघाली होती. डावं, मग चवडा आणि रेघ. आमच्या डोळ्यांदेखत कडेपर्यंत गेली. कुसाकाबे साहेबांनी बादली खाली ठेवली आणि खिशातून रुमाल काढला. राखेत अजून थोडी ऊब होती, मी त्यावर हात धरून बसले होते आणि रडत होते, ते लपवायचंही सुचलं नाही.

"सगळा माझाच पत्ता सांगितलास," किकुनोताई म्हणाल्या. "तुझं काही बोललीस का त्याला?"

"नाही," मी म्हटलं. "राहिलं. पुढच्या वर्षी बोलवते त्याला."